अमक्या साहेबांच्या वालिदा

मागच्या महिन्यात फजरच्या नमाजनंतर मशिदीच्या भोंग्यावरून एलान झालं. देऊळघाटात असं एलान सुरू झालं की हातातलं काम आपोआप थांबतं. मीही कणीक मळता मळता थांबले. अमक्या साहेबांच्या वालिदांचा इंतकाल झाला आहे, जनाजा जोहरनंतर उठेल, असं दोनदा सांगितलं गेलं. साहेबांचं नाव नीट ऐकू आलं, पण हे कोण ते काही उमगेना. ते कित्येक वर्षांपासून मुंबईकडे असतात. शेवटी शेजारणीने भिंतीवरून हाक मारली, "सुना क्या बाजी? सेक्रेटरी नानी गई."

मग मात्र मी मटकन खाली बसले.

जिला अख्खी गल्ली ओळखत होती, त्या बाईच्या मौतीची खबर अशी दिली गेली, की ती बाई कोण ते कळूच नये. महिनाभर हे डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

नानी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांचं वय घरचे नव्वद सांगतात. जन्माचा दाखला नाहीच. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली, तेव्हा चौथं मूल पोटात होतं," एवढा हिशेब त्या द्यायच्या, त्यावरून काय ते काढा. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. नवरा लवकर गेला. शिलाई मशीनवर चार मुलं वाढवली, पुढे नातवंडं आणि पणतवंडंही मांडीवर खेळवली. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या हजार नान्यांची आहे, आणि कुणी मेलं की आपण एवढीच सांगतो. सबर करणाऱ्या होत्या, पाबंद होत्या, कुणाला दुखावलं नाही. (नानींनी खूप जणांना दुखावलं. हिशेबात पाच रुपये कमी आले तर त्या सख्ख्या भावजयीलाही सोडत नसत.)

'सेक्रेटरी' हे नाव पडलं बचत गटामुळे. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याचं वारं आमच्या गल्लीत पोहोचायला बारा-तेरा वर्षं लागली. त्याआधी बायकांची भिशी होती, पण भिशीला वही नसते, तिथे सगळी याददाश्त. गटाला मात्र अध्यक्ष लागतो, सचिव लागतो, पंचसूत्री लागते: नियमित बैठक, नियमित बचत, आपापसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखी नोंदी. अध्यक्ष म्हणून एका वजनदार घरची सून बसवली, ती सहीपुरती. लिहिणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा चौदा बायकांत लिहिता येणाऱ्या तिघी, त्यातल्या दोघी लाजल्या. नानींनी वही ओढून घेतली. तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या.

अडचण एकच झाली. नानींना फक्त उर्दू येत होतं. बँकेतल्या साहेबांनी वही उलटसुलट केली आणि ठराव मराठीत आणा म्हणून परत पाठवली. मी तेव्हा नुकतीच बी.एड. होऊन घरी बसले होते, म्हणून नानी माझ्याकडे आल्या. दुसरी वही आणू म्हटलं तर म्हणाल्या, पैसे कशाला घालायचे? त्याच जाड वहीत उजवीकडून त्यांचं उर्दू चालायचं आणि डावीकडून माझं मराठी. प्रत्येक बैठकीचं आधी त्या लिहायच्या, मग मला वाचून दाखवायच्या, मग मी मराठीत उतरवायची. मी कधी घाईत एखादी ओळ गाळली तर त्यांना मराठी न वाचताही कळायचं. "मेरी चार लकीरां है, तेरी तीन कैसी?"

त्या वहीत काय काय आहे! बाळंतपणासाठी पाचशे. शेळीसाठी दोन हजार. एका मुलीच्या डी.एड.च्या फॉर्मसाठी आणि बुलढाण्याला जायच्या भाड्यासाठी तीनशे. नवऱ्याला न सांगता घेतलेले सातशे. तिथे नानींनी नावाऐवजी नुसती खूण केली आहे, आणि ती खूण कुणाची हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. "लिखना अलग, बोलना अलग," म्हणाल्या.

व्याजाचा प्रश्न आमच्या गटात येणारच होता. इतर गट आपापसातल्या कर्जावर महिन्याला शेकडा दोन रुपये घेत. नानींनी सूद नको म्हटलं. प्रत्येक कर्जामागे दहा रुपये वही आणि जाण्यायेण्याच्या खर्चाचे, बस्स. बँकेच्या कर्जालाही त्यांनी हात लावू दिला नाही. म्हशी घ्यायच्या होत्या त्या पाच जणी चिडून बाहेर पडल्या आणि त्यांनी वेगळा गट काढला. मला तेव्हा नानींचं पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही. त्यातल्या दोघींचा दुधाचा धंदा चांगला चालला आहे. पण आता आठवड्याचा हप्ता गोळा करायला मोटारसायकलवरून पोरं येतात आणि बायका पुढच्या दाराला कडी घालून मागच्या दाराने शेजारी जाऊन बसतात, तेव्हा नानींचे दहा रुपये आठवतात.

"घरच्या घरात लिखापढी कशाला, भरवसा नाही का?" असं कुणी म्हटलं की त्या सूरे बकराचा हवाला द्यायच्या. कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजवर नाही, रोजावर नाही. ती २८२ क्रमांकाची आयत आहे, आणि ती सांगते की उधारीचा व्यवहार कराल तर लिहून ठेवा, आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं. मी एवढी शिकले, पण ही गोष्ट मला नानींकडून कळली.

आता एलानाकडे येते. मला वाटलं होतं, बाईचं नाव भोंग्यावर घेत नाहीत हा मशिदीचा कायदा असेल. मुलाला पाठवून इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं, घरचे चिठ्ठी देतात, चिठ्ठीत असेल ते मी वाचतो. म्हणजे दोष मशिदीचा नाही, घराचा आहे. आणि ती चिठ्ठी लिहिली होती नानींच्या नातवाने, जो माझ्याच वर्गात शिकला. त्याला मी उर्दूत आणि मराठीत अर्ज लिहायला शिकवलं. आजीचं नाव लिहायला शिकवावं लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लोक म्हणतील, परदा आहे, अदब आहे. मग मिंबरवरून हजरत खदीजा, हजरत आयेशा, हजरत फातिमा यांची नावं रोज कशी घेतली जातात? कुरआनाची लेखी प्रत ज्यांच्या ताब्यात सुरक्षित होती त्या हजरत हफ्सा, आणि त्यांना लिहायला शिकवणाऱ्या हजरत शिफा बिंत अब्दुल्लाह. नावं घेतली गेली म्हणून तर आपल्याला माहीत आहेत. एक पूर्ण सूरा बीबी मरियमच्या नावाने आहे.

आणि सरकारदरबारी पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते. नानींच्या घरच्या कार्डावर वर नाव नानींचंच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत महाराष्ट्र सरकारने आईचं नाव घालायला लावलं. अफगाणिस्तानातसुद्धा बायकांनी 'माझं नाव कुठे आहे' म्हणून मोहीम चालवली आणि २०२० मध्ये ओळखपत्रावर आईचं नाव घालायचा कायदा करून घेतला. आमचा बुलढाणा तर ताराबाई शिंदेंचा. त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' स्वतःच्या नावाने छापली. आम्हाला अजून रेशनच्या दुकानात एक आणि भोंग्यावर एक चालतं.

वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, या लेखात मीही नानींचं नाव लिहिलेलं नाही. लिहिणार होते. नानींच्या थोरल्या मुलांना विचारायला गेले. ते चाळिसाव्यापर्यंत गावातच थांबले होते. त्यांनी चहा दिला, मन लावून ऐकलं, डोळ्यांत पाणीही आलं. मग म्हणाले, "सब लिखो बाजी, बस अम्मी का नाम रहने दो." का, असं मी विचारलं. त्यांना उत्तर देता आलं नाही. त्यांच्या घरचा शब्द मोडणं मला जमलं नाही. हेही लिहून ठेवते, कारण भ्याडपणाची नोंदही वहीत असावी.

वही सध्या माझ्याकडे आहे. परवा एक बाई तीनशे रुपये घेऊन आली, नानींच्या हयातीत फेडायचे राहिले म्हणाली. मी उर्दूच्या बाजूने तिचं पान काढलं आणि रक्कम जमा केली. मग वही फिरवून डावीकडून तेच मराठीत लिहिलं.

त्या रात्री मी माझ्या एलानाची चिठ्ठी लिहिली. माझं नाव, वडिलांचं नाव, आईचंही, आणि मी शिक्षिका आहे हे. मुलाच्या हातात दिली तर तो घाबरला, "अम्मी, ये क्या?" म्हणाला. मी म्हटलं, मोठ्याने वाचून दाखव. त्याने हळूच वाचली. मी पुन्हा वाचायला लावली.