पडेल विनोद

विनोदाची प्रतवारी लावणारी एक जमात आपल्याकडे आहे. सर्वांत वर शाब्दिक विनोद, मध्ये प्रसंगनिष्ठ, आणि पार तळाशी, पायपुसण्याच्या शेजारी, पडापडीचा. ‘कोणी घसरून पडलं तर त्यात हसायचं काय?’ असं ही मंडळी आठ्या घालून विचारतात आणि लगेच ‘कर’ या शब्दावर अशी कोटी करतात, की ऐकणाऱ्याला स्वतःच कुठेतरी जाऊन पडावंसं वाटतं.

यांना एकदा धरून बस्टर कीटनची ‘वन वीक’ दाखवली पाहिजे. १९२०ची मूक फिल्म, विसेक मिनिटांची. नव्या जोडप्याला लग्नात काकांकडून घर मिळतं, पण पेट्यांत भरलेलं, सुटं! (ही थाप नव्हे. सीअर्स रोबक ही अमेरिकन कंपनी १९०८पासून अशी घरं कॅटलॉगवर विकत असे.) नवरीने नाकारलेला एक उमेदवार पेट्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. आकडा बदलला की काय होतं, हे आम्हां बँकवाल्यांना कोणी सांगायला नको. आमचा ताळा जमत नाही, यांच्या भिंती जमत नाहीत. एक दार वरच्या मजल्यावर थेट हवेत उघडतं. कीटन त्यातून ऐटीत बाहेर पडतो. म्हणजे खरोखरच पडतो.

मग वादळ येतं आणि सगळं घर भोवऱ्यासारखं गरगरतं. घर फिरलं की वासेही फिरतात, ही म्हण आपण उगाच माणसांना लावत बसलो! त्यासाठी पठ्ठ्याने खरंखुरं घर फिरत्या चौथऱ्यावर उभारलं होतं. कोटी करायला काय लागतं हो? एक जीभ आणि एक सोशिक श्रोता. शिवाय ती शेजारच्या टेबलावरच्या तमिळ सहकाऱ्याला समजावून सांगेपर्यंत गतप्राण होते. कीटनचं पडणं त्यालाही कळतं आणि त्याच्या चार वर्षांच्या नातवालाही.

आणि पडणं सोपं? हा गृहस्थ पोरवयापासून रंगमंचावर बापाकडून फेकला जात शिकलेला. चेहऱ्यावर हसू नाही की रडू नाही.

पुढे कळतं, घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय. ओढून नेताना ते नेमकं रुळांवर अडकतं. गाडी येते. नवराबायको डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श! तेवढ्यात उलट्या दिशेने दुसरी येते आणि घराचा भुगा. ज्याने आयुष्यभर हप्ते भरून दोन खोल्या घेतल्यात, त्याच्या पोटात इथे हसण्याबरोबर आणखीही काहीतरी हलतं. कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावतो, सोबत घर जोडण्याच्या सूचनाही ठेवतो, आणि दोघं हातात हात घालून चालू लागतात.

इतकं दाखवूनही आमचे प्रतवारीवाले म्हणतील, ‘ते ठीक आहे हो, पण संवाद कुठे आहेत?’