समुदायाचें शहाणपण

पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांत आळशी मनुष्यास मुंगीकडे धाडलें आहे, हें आमच्या शाळेंतील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु मुंगीपासून उद्योगाखेरीज दुसराही एक धडा घ्यावयाचा आहे.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बीब ह्यांनीं दक्षिण अमेरिकेंतील गियानाच्या अरण्यांत पाहिलेला एक प्रसंग १९२१ सालच्या आपल्या पुस्तकांत वर्णिला आहे. जवळजवळ आंधळ्या अशा लष्करी मुंग्यांची एक रांग पुढलीच्या वासामागें चालतां चालतां सुमारें १२०० फूट घेराच्या वर्तुळांत सांपडली. दोन दिवस त्या तशाच फिरत राहिल्या व पुष्कळ वाटेंतच मेल्या. शिस्त होती, श्रम होते. वाट कोठें जाते हें मात्र कोणींच पाहिलें नाहीं.

उलट, घर शोधणाऱ्या मधमाश्यांचा थवा पाहा. जर्मनींत मार्टिन लिंडाउअर ह्यांनीं १९५५ सालीं, व पुढें अमेरिकेंत टॉमस सीली ह्यांनीं, त्यांची रीत उलगडून दाखविली. ढोली पाहून आलेली माशी नाचून तिची दिशा व अंतर सांगते. ढोली जितकी चांगली, तितका नाच अधिक. पण तो नाच पाहणारी माशी ऐकीव गोष्ट पुढें सांगत नाहीं. ती स्वतः जाऊन ढोली तपासते, मगच नाचते. राणी हुकूम देत नाहीं, तरी थवा बहुधा उत्तम जागाच निवडतो.

यंत्रविद्येसही हेंच पटलें आहे. इटलींतील मार्को डोरिगो ह्यांनीं १९९२ सालीं मुंग्यांवरून संगणकास जवळचा मार्ग शोधावयास लावण्याची पद्धति मांडली. तींत वाटेवरील जुन्या खुणा हळूहळू पुसल्या जातात. नाहींतर सर्वजण पहिल्याच बऱ्यावाईट वाटेस चिकटून बसतील.

तात्पर्य, पुष्कळजण एकत्र आले म्हणजे शहाणपण येतेंच असें नाहीं. प्रत्येकानें आपले डोळे उघडे ठेविले तरच तें येतें. शेजाऱ्याचा मुलगा विज्ञानशाखेस गेला म्हणून आपल्याही मुलास तिकडे लोटणारे पालक, मोबाईलवर आलेली वार्ता न पडताळतां पुढें धाडणारे सुशिक्षित, आणि शेजारच्या वहींतील उत्तर उतरणारा विद्यार्थी, हे तिघेही त्या वर्तुळांतलेच वाटसरू होत. आम्ही आज्ञापालनाचे वैरी नाहीं. पण परमेश्वरानें प्रत्येकास बुद्धि दिली ती गहाण ठेवावयास नव्हे. जी ढोली आपण पाहिली नाहीं, तिच्यासाठीं नाचूं नये.