वाडीचा देवही घर हलवतो!

पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की नृसिंहवाडीत काय होतं, हे आपल्या भागातल्या कुणाला सांगायला नको. पाणी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. दक्षिणद्वाराच्या त्या स्नानासाठी लांबून माणसं येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती उचलून वरच्या बाजूला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथं सुरू राहते. पूर ओसरला की गाळ काढायचा, दगडी मंडप धुवायचा, मूर्ती परत जागेवर.

म्हणजे जे हलवता येतं ते वेळेवर हलवायचं आणि जे हलत नाही ते धुतलं की पुन्हा उभं राहील असं असायचं. कमी पैशात घर सजवायला निघालेल्या तुम्हा सगळ्यांना सांगण्यासारखी याहून शहाणी गोष्ट आमच्याकडे नाही.

आता जरा तुमच्या खोलीकडे बघा. कॉलेजसाठी कोल्हापूर, सांगली नाहीतर पुण्यात खोली घेतलेली असते. चार मुलं मिळून भाडं भरतात. भिंतींचा रंग उडालेला, त्यात मालकांची ताकीद, ‘खिळा मारायचा नाही’. मग मोबाइलवर ‘स्वस्तात रूम मेकओव्हर’ दिसतो. एलईडीची पट्टी, प्लास्टिकचा वेल, भिंतीला चिकटवायचा विटांचा कागद, ग्लू गन आणि तिच्या कांड्या. एकेक वस्तू शे-दोनशेची, म्हणून काही वाटत नाही. महिन्याच्या शेवटी हिशेब केला की मेसचे पैसे गेलेले असतात. नाव ‘डीआयवाय’चं, पण हातानं काय केलं? पार्सल फोडलं, एवढंच.

वर्ष संपलं, खोली सोडली, की हे सगळं कचऱ्यात. कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या नाल्यांत पडलेला कचरा पंचगंगेत उतरतो आणि पंचगंगा कुठं जाते? वाडीच्या संगमाला. तुम्ही फेकलेला वेल तिथल्या घाटावर कुणीतरी काठीनं बाजूला सारत असतो. महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर 2018 सालीच बंदी आली, पण सजावट म्हणजे वापरा आणि फेका ही सवय काही बंदीनं जात नाही.

स्वस्त आणि काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक पुरानं शिरोळ तालुक्याला चांगलाच शिकवलाय. 2005, 2019 आणि 2021. पाणी उतरल्यावर दारादारांत जे ढीग लागले, ते ज्यानं पाहिलेत तो विसरणार नाही. सगळ्यात आधी बाहेर आल्या गाद्या आणि सोफे. त्यांतला कापूस-फोम एकदा गाळाचं पाणी प्याला की वाळत नाही, कुजतो. मग भुश्याच्या बोर्डाची कपाटं. पाण्यानं फुगतात, थर सुटतात, स्क्रू धरत नाहीत. टिकलं काय? लोखंडी कॉट, स्टीलची भांडी, जुन्या लाकडाच्या फळ्या. आणि वाकळ.

वाकळ का टिकते, ते समजून घ्या. तिच्यात भरलेलं काही नसतं. जुन्या सुती लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वरचं आणि खालचं कापड जरा धड निवडायचं, आणि धावदोऱ्यानं काठापासून आत आत शिवत जायचं. सगळे थर पातळ, सगळे सुती. म्हणून धुता येते आणि दोन-तीन दिवस कडक ऊन मिळालं की वाळते. फाटली तर त्या जागी ठिगळ लागतं, आणि ते ठिगळच पुढं नक्षी होतं.

तुम्हाला अख्खी वाकळ शिवायची गरज नाही. दोन जुन्या सुती साड्या घ्या. हात-दीड हाताच्या चौकोनाचे चार थर करा, मोठ्या टाक्यांनी आधी तात्पुरते टाचून घ्या म्हणजे सरकत नाहीत, मग बोटभर अंतरानं धावदोऱ्याच्या ओळी घाला. बसायला आसन झालं, नाहीतर भिंतीवर दोरीनं टांगायचं कापड. वरचे रंगीत तुकडे जवळच्या शिंप्याकडे मागा. खर्च फक्त सुई-दोऱ्याचा. पॉलिस्टर मात्र टाळा, त्याला घाम आणि पाणी शोषता येत नाही.

भिंत ओल धरणारी असेल तर चिकट कागद लावूच नका. ओल आत कोंडते आणि मागं बुरशी धरते. मालकांना विचारा आणि चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, पांढरा हवा असेल तर चिमूटभर नीळ पुरते. कळीचा चुना भिजताना उकळतो आणि चुन्यानं कातडी भाजते, तेव्हा भिजवलेला तयार चुना आणा आणि हातमोजे, चष्मा घालूनच काम करा. खिळा मारता येत नसेल तर जुनी लाकडी शिडी भिंतीला टेकवा. तिच्या पायऱ्यांवर कपडे, टॉवेल, वाकळेचं आसन. खोली सोडताना शिडी खांद्यावर मारायची आणि निघायचं. वाडीचा नियम इथंही लागू.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. काटकसरीचं कौतुक करणं सोपं आहे. पूरग्रस्त घरातली बाई जुनी लुगडी जपते ती हौस म्हणून नव्हे. आणि तिच्या महिनाभराच्या दुपारींचा हिशेब आपण कधी केला नाही. तीच गोधडी ऑनलाइन ‘हँडमेड’ म्हणून हजारोंना विकली जाते, आणि गावात शिवून देणाऱ्या मावशींशी मात्र आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. हा दुटप्पीपणा तुमच्या पिढीनं तरी सोडावा. स्वतः शिवा. जमत नसेल तर शिवणारीला मागेल ती मजुरी द्या. पाच टाके घालून बघितलेत की ती मजुरी जास्त वाटणार नाही.

दुसरी गोष्ट घाईची आहे. ही कला कुठल्या पुस्तकापेक्षा आज्यांच्या बोटांत जास्त आहे. त्यांची नजर अधू होतेय, सुईत दोरा ओवायला त्यांना कुणीतरी लागतं. ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, आवराआवरीत कपाटातलं बोचकं बाहेर निघेल, ‘ही लुगडी भांडीवालीला देऊन टाका’ असं कुणीतरी म्हणेल. तेव्हा त्यातली दोन बाजूला काढा, आजीशेजारी बसा आणि म्हणा, ‘आज्जी, पहिला टाका कुठनं घालायचा, दाखव की.’

खोली सजायची तेव्हा सजेल. आधी आजीच्या सुईत दोरा तरी ओवून द्या.