लाठी चालवली, तर त्याची नोंद कुठे?

नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही मैदानावर पहाटे जा, पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारी पोरं दिसतील. त्यात आपलीही आहेत आणि असायलाच हवीत. त्यामुळे पोलिसांनी बळ कधी आणि किती वापरावं हा विषय ‘ते विरुद्ध आपण’ असा नाही. उद्या लाठी हातात असणारा आपल्याच मोहल्ल्यातला असेल, आणि लाठी खाणाराही.

परभणी आपल्या शेजारचा जिल्हा. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी दंगल उसळली आणि धरपकड सुरू झाली. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. कोठडीच्या सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. म्हणजे साधा गुन्हा नोंदवायलाच सात महिने आणि दोन न्यायालयं लागली.

त्याच परभणीचा ख्वाजा युनूस. माझ्यासारखाच सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय २७, दुबईत नोकरी. घाटकोपर स्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये त्याला उचललं आणि पुढच्याच महिन्यात तो ‘पळून गेला’ असं पोलिसांनी सांगितलं. अम्मी आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. आरोपी पोलीस २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. एक दलित-भटक्या चळवळीचा प्रश्न, दुसरा मुसलमानांचा, अशी वाटणी करून आपण रडत बसलो तर दोन्ही प्रश्न तिथेच राहतील.

आता कायदा बघा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं चित्रीकरण झालंच पाहिजे. कपाटातल्या वस्तूंचं रेकॉर्डिंग सक्तीचं, पण माणसाच्या पाठीवर पडलेल्या काठीचं नाही! जमाव पांगवण्याचे अधिकार कलम १४८ मध्ये आहेत, पण बळ वापरल्यावर कोणी, कोणाच्या हुकमाने, किती वेळ आणि का वापरलं याचा लेखी अहवाल चोवीस तासांत द्यावा असं त्यात काही नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर दोन मिनिटं बंद पडला तरी लॉग लिहावा लागतो.

माझी मागणी एवढीच: महाराष्ट्र पोलीस अधिनियमात ही नोंद सक्तीची करा आणि प्रशिक्षणात तिचा सराव घ्या. बाभळगावच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या शिपायाला कवायत जितकी पाठ असते, तितकंच ‘आधी बोल, मग इशारा दे, मग कमीत कमी बळ’ हेही पाठ असलं पाहिजे. यात त्याचंही भलं आहे. दगडांचा पाऊस पडत असताना ज्याने खरंच संयम ठेवला, त्याच्याकडे आज ते दाखवायला कागद नसतो.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० चं विधेयक लोकसभेत मंजूर होऊन पुढे बारगळलं, आणि २०१७ मध्ये विधी आयोगाने दिलेला मसुदाही तसाच पडून आहे. दिल्लीची वाट पाहायची तर बघा किती वर्षं जातात.

दरम्यान हातात आहे ते वापरू. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडी आणि व्हरांड्यासह, आवाज टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं आणि अठरा महिन्यांचं चित्रण साठवता येईल अशी यंत्रणा मागितली. तुमच्या ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती, आवाज येतो का, साठवण किती दिवसांची? दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर नांदेड आणि लातूरच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. भाषा साधी ठेवा, आरोप करू नका, फक्त आकडे मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं.