हाडे बुडण्याआधी

युरोपात देवमाशांची संघटित शिकार मध्ययुगात बास्क दर्यावर्दींनी सुरू केली, असे इतिहासकार मानत आले. २०१८ साली एका संशोधनाने या समजाला धक्का दिला. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळ रोमन काळात मासळी खारवण्याचे कारखाने होते. तिथल्या परिसरात सापडलेल्या हाडांच्या तुकड्यांतील डीएनए आणि कोलॅजेन हे प्रथिन तपासले, तेव्हा त्यांत किनाऱ्यालगत वावरणाऱ्या करड्या देवमाशाची हाडे निघाली. ही जात आज अटलांटिकमधून नामशेष झाली आहे. रोमन कोळ्यांनी शिकार केलीच, हे याने सिद्ध होत नाही. पण ती शक्य होती, एवढे निश्चित झाले. वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिलेल्या तुकड्यांनी हा इतिहास पुन्हा उघडला.

समुद्र न पाहिलेल्या बुलढाणा जिल्ह्यालाही यातून घेण्यासारखे आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती आणि विटांचा स्तूप तिथे उजेडात आला. हीच जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

चर्चा होते ती स्तूपाची. पण माणसे काय खात होती, कोणती जनावरे पाळत होती, हे विटा सांगत नाहीत. ते हाडे सांगतात. कोलॅजेनवरून हाडाचा तुकडा शेळीचा की मेंढीचा, हे कळते. दातांतील स्ट्रॉन्शियमवरून जनावर तिथेच वाढले की दुरून आणले, याचा अंदाज येतो. आपल्या उष्ण हवामानात कोलॅजेन लवकर नष्ट होते, त्यामुळे प्रत्येक तुकडा बोलेलच असे नाही. म्हणूनच नमुने भरपूर आणि थरवार नोंदींसह हवेत. कोणत्या थरातला, हे माहीत नसलेले हाड मुके असते.

खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला पाणी हवेच. त्याच्या गरजेला पुरातत्त्वाच्या विरोधात उभे करण्याचे कारण नाही. मात्र धरण भरण्यापूर्वी माती चाळून हाडे, दात, बिया गोळा करणे आणि त्या नीट जपणे, हे प्रकल्पाच्याच कामाचा भाग ठरले पाहिजे. तपासण्या पुढच्या पिढीतही होतील. पाण्याखाली गेलेले थर मात्र पुन्हा वाचता येणार नाहीत.