हाताच्या मापाचे विज्ञान

पिंपरी पेंढारच्या मुलांना रेडिओ दुर्बीण काही नवलाची नाही. ती त्यांच्याच तालुक्यात, खोडदला आहे. जीएमआरटीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरात पसरल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, शाळांच्या सहली जातात. जरूर जाव्यात. पण पहिली-दुसरीच्या पोराला तबकडी म्हणजे भलीमोठी परातच. त्याला विज्ञान हाताच्या मापाचे हवे. वर्गात टीव्ही लावला की विज्ञान शिकवून झाले, हेही मला पटत नाही.

१८१६ मध्ये रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. तशीच गुंडाळी करून मुलांनी एकमेकांचे ठोके ऐकावेत. मग मैदानाला फेरी मारून पुन्हा ऐकावेत. जलद झाले? कुणाचे जास्त? का? गुरुजींनी उत्तर लगेच सांगू नये. (एवढा धीर आम्हा डॉक्टरांनाही नसतो.)

यात खेळ फार आणि शिकणे थोडे, असे कुणी म्हणेल. पण साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेलेली आणि मग आमच्याकडे आणलेली मुले मी पाहिली आहेत. घरची माणसे शिकलेली होती. ‘कशावरून?’ हे विचारायची सवय मात्र त्यांना कुणी लावली नव्हती.

आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येतेच. यंदा गुरुजींनी डॉक्टरांकडून पाच मिनिटे स्टेथोस्कोप मागून घ्यावा आणि कागदाच्या नळीशी ताडून पाहायला पोरांच्या कानाला लावावा.