शेगडी बिघडली, पार्ट मिळेना: ‘राइट टू रिपेअर’ स्वयंपाकघरात कधी येणार?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात नागावहून आईचा फोन आला. “अरे, शेगडी पेटते, पण बटण सोडलं की लगेच विझते.” अलिबागजवळच्या आमच्या घरी चार वर्षांपूर्वी काचेची, तीन बर्नरची हॉब बसवली होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की पहिला फोन मलाच येतो.

कंपनीकडे तक्रार नोंदवली. चार दिवसांनी पनवेलहून माणूस आला. त्याने शेगडी उघडून पाहिली आणि म्हणाला, “हे मॉडेल बंद झालंय. पार्ट सुटा येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या.” व्हिजिट चार्ज घेऊन तो गेला. म्हणजे तीन बर्नर, काच, स्टँड सगळं धड असताना बोटाएवढ्या एका भागासाठी अख्खी हॉब भंगारात जाणार होती.

बटण सोडलं की शेगडी का विझते?

हा भाग म्हणजे थर्मोकपल. अनेक हॉबमध्ये बर्नरच्या कडेला धातूची दोन छोटी टोकं दिसतात. पांढऱ्या सिरॅमिकमधलं टोक ठिणगी टाकतं. दुसरं टोक थर्मोकपलचं. त्यात दोन वेगवेगळे धातू जोडलेले असतात. ज्योतीने ते तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते. तेवढ्यावर नॉबखालच्या व्हॉल्व्हमधलं छोटं विद्युतचुंबक गॅसचा रस्ता उघडा धरून ठेवतं. दूध उतू जाऊन ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सुटतं आणि गॅस आपोआप बंद होतो. म्हणूनच पेटवताना नॉब काही सेकंद दाबून ठेवावा लागतो.

आता हे टोक काजळलं, वाकून ज्योतीबाहेर गेलं किंवा त्याची जोडणी गंजली, तर पुरेशी वीज होत नाही. मग नॉब सोडला की शेगडी विझते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत धातू लवकर गंजतो, त्यात रोज भाताची पेज उतू जाते. आमच्याकडे हा बिघाड होणारच होता.

यातली गंमत बघा. थर्मोकपलला बॅटरी लागत नाही, चिप नाही, सॉफ्टवेअर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशी शेगडी तेव्हाही काडेपेटीने पेटली असती आणि तिची सुरक्षाही चालू राहिली असती. मोबाइल कंपन्या ‘बाहेरचा पार्ट सॉफ्टवेअर स्वीकारत नाही’ असं कारण देतात. शेगडीत तेही कारण उरत नाही.

सरकारी पातळीवर काय चाललंय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली. २४ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टलही सुरू झालं. पुढे ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’साठी वेगळी समिती झाली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला.

वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याचे गुण म्हणजे हा इंडेक्स. वस्तू किती सहज उघडते, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत येतात का, कुठली हत्यारं लागतात, अशा निकषांवर हे गुण द्यायचे आहेत. ते दुकानात, ऑनलाइन आणि पॅकवरच्या क्यूआर कोडमधून दिसावेत, अशी शिफारस आहे. बॅटरी, स्क्रीन, चार्जिंग पोर्ट यांसारखे नेहमी बिघडणारे भाग ‘प्राधान्याचे भाग’ म्हणून वेगळे काढलेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून असा इंडेक्स आहे आणि तिथे सुट्या भागाच्या किमतीलाही गुण आहेत.

दिशा चांगली आहे, पण दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे हे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. दुसरी अडचण, अहवालाचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. फोन आपण तसाही काही वर्षांनी बदलतो. शेगडी मात्र दहा-पंधरा वर्षं चालेल असं धरूनच घेतो.

पण गॅस म्हणजे मोबाइल नव्हे

कंपन्यांची बाजूही समजून घेऊ. फोनचा स्पीकर चुकीचा बसला तर आवाज येणार नाही. गॅसचा जोड चुकीचा बसला तर जीव जाऊ शकतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. ही भीती खरी आहे.

पण धोका आहे म्हणून पार्टच द्यायचा नाही, याने धोका कमी होत नाही. मी ऑनलाइन शोधलं तर ‘सगळ्या शेगड्यांना चालेल’ असे थर्मोकपल दिसले. त्यावर लांबी नाही, आट्यांचं माप नाही. मूळ पार्ट मिळाला नाही की लोक असलेच भाग बसवतात. म्हणून मला वाटतं, गॅसच्या उपकरणांसाठी प्राधान्याच्या भागांच्या दोन याद्या हव्यात: एक ग्राहकाची, दुसरी प्रशिक्षित मिस्त्रीची. दोन्हींतला प्रत्येक भाग पार्ट नंबरसह आणि ठरलेल्या वर्षांपर्यंत मिळालाच पाहिजे.

तोवर काय करायचं?

तुम्ही स्वतः करू शकता: इग्निशनची बॅटरी बदलणं, बर्नर उचलून धुणं आणि पूर्ण वाळवून बसवणं, ठिणगीचं आणि थर्मोकपलचं टोक कोरड्या कापडाने पुसणं, त्याच मॉडेलचे बर्नरचे झाकण किंवा स्टँड बदलणं. आधी रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी थंड होऊ द्या.

मिस्त्रीलाच बोलवा: व्हॉल्व्ह, जेट, आतली नळी, थर्मोकपल बदलणं, एलपीजीची शेगडी पाइप गॅसवर नेणं. दोन्ही गॅसना जेटचं भोक वेगळं लागतं, त्यामुळे सुई घालून ते मोठं करू नका. गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ या हेल्पलाइनला फोन करा.

नवी शेगडी घेताना आयएस ४२४६ चा आयएसआय मार्क बघा. दुकानदाराला विचारा, “बर्नर आणि थर्मोकपल सुटे मिळतात का? किती वर्षं?” मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. स्टिकर सहसा खालच्या बाजूला असतं आणि हॉब ओट्यात बसली की ते दिसत नाही.

आमच्या हॉबचं काय झालं? अलिबागच्या एका जुन्या रिपेअरवाल्या काकांनी थर्मोकपल काढला, दुकानात नेऊन लांबी आणि आटे जुळवून दुसरा आणला, बसवला आणि साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला. साडेतीनशे रुपये झाले. उकडीचे मोदक त्याच शेगडीवर झाले.

मुंबई हायचा गॅस आपल्या जिल्ह्यात उरणला येतो आणि तिथल्या ओएनजीसीच्या प्लँटमध्ये त्यातून एलपीजीही वेगळा काढतात. त्याच जिल्ह्यात शेगडीचा एक पार्ट काकांना अंदाजाने जुळवावा लागला. त्यांचा अंदाज बरोबर आला, कारण त्यांचा हात बसलेला आहे. पार्ट नंबर कंपनीच्या वेबसाइटवर असता, तर त्यांना अंदाज करावाच लागला नसता.